भट्टीपुढचीं वीस वर्षें

इ. स. १८५५ सालीं लंडनच्या लाँगमन या प्रकाशन-संस्थेनें पाकशास्त्रावरील एका ग्रंथाची सुधारलेली व वाढविलेली आवृत्ति बाहेर काढली. ग्रंथ लोकांच्या परिचयाचा होता. १८४५ च्या जानेवारींत तो प्रथम प्रसिद्ध झाला, त्याच वर्षीं त्याच्या आणखी आवृत्त्या काढाव्या लागल्या, आणि १८५३ पर्यंत आवृत्त्यांची संख्या तेरापर्यंत गेली. दहा वर्षें ज्या पुस्तकाची मागणी कमी झाली नाहीं, त्याची नवी आवृत्ति निघणें हा ग्रंथकाराच्या आयुष्यांतील मंगल प्रसंगच होय. अशा प्रसंगीं प्रस्तावनेंत चार गोड शब्द लिहावे, वाचकांचे आभार मानावे आणि रजा घ्यावी, अशी सर्व देशांतील वहिवाट आहे. या प्रस्तावनेंत मात्र एक गाऱ्हाणें आढळतें. आपल्या ग्रंथांतील मोठमोठे भाग समकालीन लेखकांनीं बेधडक उचलले आणि ते कोठून घेतले याचा साधा उल्लेखहि केला नाहीं, असें लेखिकेचें म्हणणें आहे. ज्या पद्धतीनें हें पुस्तक लिहावयाचें ठरविलें, तिनें शरीरावर जो ताण पडला त्याची शिक्षा त्या भोगीत होत्या. आणि अशा स्थितींत परक्यांनीं श्रेयहि न्यावें व पैसाहि न्यावा, हें त्यांना स्वस्थपणें पाहवेना. म्हणून या आवृत्तींत त्यांनीं पुष्कळ कृतींच्या मथळ्याशीं ‘लेखिकेची कृति’ असे शब्द घातले. असें करणें आत्मप्रौढीचें दिसेल, ही जाणीवहि त्यांनीं लपविलेली नाहीं.

या लेखिकेचें नांव एलायझा ॲक्टन. आज एखादी गृहिणी केक करावयास घेते तेव्हां तिच्यापुढील कागदावर मैदा इतका, लोणी इतकें, अंडीं इतकीं, भट्टींत ठेवण्याचा वेळ इतका, अशी यादी असते. ही यादी इतकी अंगवळणी पडली आहे कीं, ती कोणीं तरी प्रथम मांडली असेल हें मनांतहि येत नाहीं. इंग्रजी पाकग्रंथांत ती नेमानें प्रथम मांडली ती ॲक्टनबाईंनीं.

त्यांचा जन्म १७९९ सालीं ससेक्स परगण्यांतील बॅटल या गांवीं झाला. बालपण मात्र इप्स्विच येथें गेलें, कारण वडील तेथील एका बिअरच्या कारखान्यांत नोकरीस राहिले. त्या काळीं पाव फुगविण्याचें खमीर मुख्यत्वें बिअरच्या कारखान्यांतूनच येत असे. ज्या बाई पुढें पावावर स्वतंत्र ग्रंथ लिहिणार होत्या, त्या खमिराच्या शेजारींच लहानाच्या मोठ्या झाल्या, हा योगायोग गमतीचा आहे. १८१७ सालीं, वयाच्या अठराव्या वर्षीं, त्यांनीं एका सहकारी बाईंसह इप्स्विचजवळ मुलींची निवासी शाळा काढली. पुढें बहिणींच्या साहाय्यानेंहि शाळा चालविली. १८२६ सालीं त्यांच्या कवितांचें पुस्तक वर्गणीदार मिळवून प्रसिद्ध झालें. दुसऱ्याच वर्षीं वडिलांचें दिवाळें निघालें. घराची घडी विस्कटली. आईनें केंट परगण्यांतील टनब्रिज येथें बॉर्डाइक हाउस या घरांत भाडोत्री पाहुणे ठेवण्यास आरंभ केला, आणि कविता करणारी मुलगी स्वयंपाकघरांत शिरली.

यापुढची एक आख्यायिका इंग्लंडांत अजून सांगतात. ॲक्टनबाई कवितांचें नवें बाड घेऊन लाँगमन यांच्याकडे गेल्या असतां, कवितांना गिऱ्हाईक नाहीं, त्याऐवजीं एखादें चांगलें पाकशास्त्राचें पुस्तक आणून द्या, असें त्या गृहस्थांनीं सांगितलें म्हणे. ही हकीकत चरित्रकारांना फारशी विश्वसनीय वाटत नाहीं. ती टिकून राहिली याचें कारण उघड आहे : तिच्यांत कवितेची फजिती आणि पोटाचा विजय दोन्ही एकदम होतात. निश्चित गोष्ट एवढीच कीं, पुस्तक पुरें होण्यास सुमारें दहा वर्षें लागलीं.

दहा वर्षें कां लागावीं, हें समजण्यास तत्पूर्वींचीं पुस्तकें पाहिलीं पाहिजेत. तीं बहुधा कसलेल्या आचाऱ्यांनीं किंवा बड्या घरांतील कारभारणींनीं लिहिलेलीं असत. त्यांत लागेल तेवढें पीठ घ्यावें, भट्टी बेताची असावी, होईतों ठेवावें, अशी भाषा असे. आपल्याकडील ‘अंदाजानें’ आणि ‘चवीपुरतें’ यांचेंच तें विलायती रूप. ज्याच्या हाताला वळण आहे त्यास हे शब्द पुरतात. किंबहुना त्यास पुस्तकच लागत नाहीं. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडांतील शहरें वाढत होतीं. नोकरीपेशाचे तरुण लग्न करून आईबापांपासून दूर बिऱ्हाड करीत. घरांत सासू नाहीं, आई नाहीं, आणि असलीच तर एखादी अर्धवट वयाची मोलकरीण. अशा नवख्या गृहिणींना ॲक्टनबाईंनीं आपला ग्रंथ अर्पण केला आहे. ‘लागेल तेवढें’ म्हणजे किती, हा प्रश्न या मुलींचा होता, आणि त्याचें उत्तर औंसांत व मिनिटांत देण्याचें काम एका माजी शाळा-शिक्षिकेनें पत्करलें.

कांहीं थोडे अपवाद सोडले तर ग्रंथांतील कृति आपल्याच घरांत, आपल्या डोळ्यांदेखत करून पाहिलेल्या आहेत, असें त्यांनीं पहिल्याच आवृत्तीच्या प्रस्तावनेंत सांगितलें आहे. हीच ती शरीर झिजविणारी पद्धत. शेंकडों पदार्थ एकदां नव्हे तर पुन्हां पुन्हां करावयाचे, तराजू आणि घड्याळ हातांशीं ठेवावयाचें, बिघडलें तर कां बिघडलें तें शोधावयाचें. कृति सांगून झाल्यावर शेवटीं त्या साहित्याचीं वजनें व लागणारा वेळ एकत्र देतात. खालीं पुष्कळदां एक लहानशी टीप असते. तींत कोठें चूक होण्याचा संभव आहे, कोणता जिन्नस बदलला तरी चालेल, कोणता बदलूं नये, हें सांगितलेलें असतें. काहीं मथळ्यांपुढें ‘चांगलें’, ‘फार चांगलें’, ‘उत्कृष्ट’ असे शेरेहि आहेत. शाळेंतील उत्तरपत्रिका तपासण्याची संवय सुटली नव्हती असें दिसतें.

भट्टींतल्या पदार्थांच्या बाबतींत या पद्धतीचें मोल विशेष आहे. चुलीवरचा पदार्थ चाखतां येतो, ढवळतां येतो, त्यांत पाणी घालतां येतें. बिघडूं लागला तर सावरतांहि येतो. केक एकदां भट्टींत गेला कीं करणाराचा त्याच्यावरील अधिकार संपला. शिवाय त्या काळचीं साधनें आजच्यासारखीं नव्हतीं. साखर शंकूच्या आकाराच्या कठीण ढेपेंत येई. ती फोडावी, कुटावी आणि चाळावी लागे. पीठ दमट असे, म्हणून विस्तवाजवळ ठेवून तें कोरडें करून घ्यावें लागे. बेदाणे धुवून, निवडून, वाळवून घ्यावयाचे. केक फुगविण्याची पूड आल्फ्रेड बर्ड या रसायनविक्रेत्यानें १८४३ सालींच तयार केली होती. पण ती घरोघरीं पोहोंचावयाची होती. सोड्याचा थोडा उपयोग ॲक्टनबाई कांहीं कृतींत करतात. उत्तम केकाची मदार मात्र अंड्यांवर. पांढरा आणि पिवळा बलक वेगळा करून, पांढऱ्याचा घट्ट फेस येईतों घुसळीत राहावयाचें, आणि त्या फेंसांत कोंडलेल्या हवेच्या जोरावर सगळा केक उचलावयाचा. हात थांबला किंवा पीठ मिसळतांना घाई झाली कीं हवा निघून गेली. मग भट्टींतून वीट बाहेर येते.

भट्टीचें तर तंत्रच निराळें. उष्णतामापक यंत्र स्वयंपाकघरांत नव्हतें. विटांची भट्टी लांकडें जाळून तापवीत, निखारे ओढून काढीत आणि साठलेल्या उष्णतेवर भाजीत. ती हळूहळू व सारखी निवत जाते. मध्यम वर्गाच्या घरांत लोखंडी चुलीच्या एका बाजूस बसविलेली लहान भट्टी येऊं लागली होती. तिची एक बाजू पोळे आणि दुसरी कच्ची राही. जेथें दोन्ही नाहींत, तेथें भांडें गल्लींतल्या पाववाल्याकडे पाठवीत. केक झाला कीं नाहीं हें पाहण्यास मधोमध सुरी खुपसून ती कोरडी निघते कीं नाहीं तें पहावें, ही युक्ति ॲक्टनबाई देतात. सुरीच्या जागीं आज विणावयाची सुई किंवा लांकडी काडी आली आहे. युक्ति तीच आहे.

केकांच्या प्रकरणांत बदामाचा केक, पौंड केक, स्पंज केक, मेरिंग, बॅनबरीचे केक, वाइट बेटावरील डोनट, आणि नाना तऱ्हेचें जिंजरब्रेड आहे. जिंजरब्रेड म्हणजे काकवी व सुंठ घातलेला केक. त्याचा एक प्रकार किसलेलें खोबरें घालून केलेला असून तो स्वतः ॲक्टनबाईंनीं बसविलेला आहे. एवढे प्रकार मन लावून देणाऱ्या बाईंचें केकांविषयींचें मत मात्र ऐकण्यासारखें आहे. १८५५ च्या आवृत्तींत या प्रकरणाच्या आरंभींच त्या सांगतात कीं, हे पदार्थ म्हणजे गोडीच्या वेषांतलें विषच, असें जें म्हटलें जातें तें फारसें खोटें नाहीं. आपण त्यांची संख्या मुद्दाम मर्यादित ठेवली आहे, आणि वाचकांची निराशा होण्याचें भय नसतें तर ती आणखी कमी करून ती जागा अधिक उपयुक्त अन्नास दिली असती. ज्या कृतींसाठीं हात मोडेतों अंडीं घुसळलीं, त्यांच्याबद्दलच असें लिहावयास कांहीं प्रामाणिकपणा लागतो. स्वतःच्या छंदावर इतक्या थंड डोक्यानें बोट ठेवणारे लेखक थोडे.

कवितेची खोडहि सर्वस्वीं गेलेली नव्हती. ग्रंथांत एक पुडिंग ‘गरीब लेखकाचें’ म्हणून आहे : दूध, साखर, थोडीं अंडीं आणि वर लोणी लावलेले पावाचे काप, भट्टींत भाजलें कीं झालें. दुसरें ‘प्रकाशकाचें’, त्यांत बदाम, मलई, सुका मेवा, ब्रँडी, काय वाटेल तें आहे. दोन्ही कृति एकापुढें एक ठेवून वाचल्या म्हणजे ग्रंथव्यवहारावर निराळें भाष्य करण्याचें कारण उरत नाहीं. डिकन्सच्या ‘मार्टिन चझलविट’ कादंबरींत रूथ पिंच नांवाची मुलगी भावासाठीं भीतभीत मांसाचें पुडिंग करते. तिच्या नांवाचेंहि एक पुडिंग ॲक्टनबाईंनीं आपल्या ग्रंथांत घेतलें.

हिंदुस्थानासंबंधीं त्यांचें एक विधान येथें नमूद करण्यासारखें आहे. ग्रंथांत ‘करी’ या नांवाखालीं कांहीं कालवणें दिलेलीं आहेत. विलायतेंत होणारी करी पूर्वेकडील करीच्या पासंगालाहि पुरत नाहीं, हें मान्य करून त्या म्हणतात कीं, याचें कारण केवळ इंग्रज स्वयंपाकिणींचें अज्ञान नव्हे. जे ताजे व हिरवे जिन्नस तिकडे मिळतात ते इकडे मिळतच नाहींत. इंग्रजांचें राज्य हिंदुस्थानावर पसरत असतां, न पाहिलेल्या देशाच्या स्वयंपाकाविषयीं एका इंग्रज बाईनें इतका तोलून लिहिलेला अभिप्राय वाचून समाधान वाटतें.

आतां चोरीविषयीं. पाकशास्त्राच्या इंग्रजी पुस्तकांत एकमेकांचें उचलण्याची चाल जुनीच होती. १७४७ सालीं निघालेल्या हॅना ग्लास यांच्या प्रख्यात पुस्तकांतहि बऱ्याचशा कृति आधींच्या पुस्तकांतून घेतलेल्या आहेत. कृति ही कोणा एकाची नसते, ती आईकडून मुलीकडे व शेजारणीकडून शेजारणीकडे जाते, हें म्हणणें कांहीं अंशीं खरेंहि आहे. १८४२ च्या कायद्यानें इंग्लंडांत ग्रंथकारांचा हक्क बेचाळीस वर्षांपर्यंत वाढविला होता. परंतु कवितेची ओळ चोरली तर ती लगेच ओळखूं येते. केकाच्या कृतींतील एक अंडें कमी केलें आणि दोन शब्द फिरविले कीं मूळ मालकीण कोण हें सिद्ध कसें करावें? ॲक्टनबाईंजवळ पुरावा एकच होता, आणि तो म्हणजे केलेले श्रम. खोबऱ्याचें जिंजरब्रेड शेजारणीकडून आलेलें नव्हतें. तें किती वेळां बिघडलें आणि कितव्या खेपेस साधलें, हें त्यांच्या घरच्या भट्टीलाच ठाऊक. ‘लेखिकेची कृति’ हे शब्द छापण्यांत मोठेपणाची हांव नव्हती, तो हिशेबाचा प्रश्न होता.

गाऱ्हाणें मांडून त्या थांबल्या नाहींत. प्रकृति ढांसळलेली असतांनाहि १८५७ सालीं त्यांनीं ‘इंग्लिश ब्रेड-बुक’ हा पावावरील ग्रंथ प्रसिद्ध केला. केकाविषयीं जी शंका त्यांना होती तिचें हें उत्तर म्हणावयास हरकत नाहीं. केक चैनीचा, पाव हें गरिबाचें पोट भरणारें अन्न. आणि तो पाव त्या वेळीं कसा होता? फ्रेडरिक ॲकम या रसायनशास्त्रज्ञानें १८२० सालींच अन्नांतील भेसळीवर पुस्तक लिहून खळबळ उडविली होती. १८५१ पासून पुढें तीन-चार वर्षें डॉ. आर्थर हॅसल यांनीं लंडनच्या दुकानांतून विकत आणलेले जिन्नस सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं तपासले आणि त्यांचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रांत, दुकानदारांच्या नांवानिशीं, छापले गेले. पावांत तुरटी सर्रास सांपडली. हलक्या प्रतीच्या पिठाचा पाव तुरटीनें पांढरा दिसतो, आणि पांढरा पाव म्हणजे चांगला पाव, अशी गिऱ्हाइकाची समजूत. दोष एकट्या पाववाल्याचा नव्हता.

ॲक्टनबाईंचें म्हणणें असें कीं, गहूं पिकविण्यांत व दळण्यांत पुढें असलेल्या देशानें असा पाव खावा ही लाजिरवाणी गोष्ट आहे. आणि तिच्यावर घरीं पाव भाजतां येणें हा प्रत्येक कुटुंबाच्या हातचा उपाय आहे. पुस्तकांत पिठाच्या जाती, खमिराचे प्रकार, भट्ट्यांचे गुणदोष, परदेशांतील पावाच्या रीति, सर्व कांहीं आहे. पूर्वीच्या ग्रंथांतील विनोद येथें कमी आढळतो. विषय लहान दिसतो, परंतु त्याच्या मागें रोज दोन वेळां पाव खाणारें सगळें राष्ट्र उभें होतें. पहिल्या ग्रंथाइतका हा खपला नाहीं. भेसळीविरुद्ध पार्लमेंटानें पहिला सर्वसाधारण कायदा केला तो १८६० सालीं. तो पाहण्यास ॲक्टनबाई राहिल्या नव्हत्या. १८५९ च्या फेब्रुवारींत हॅम्पस्टेड येथें, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षीं, त्यांचें देहावसान झालें.

आणि मग सर्वांत मोठी उचल झाली. इझाबेला बीटन या तरुण बाईंचे पति मासिकें व पुस्तकें प्रसिद्ध करीत. पतीच्या मासिकांत स्वयंपाकावर लिहिण्याचें काम अंगावर आलें तेव्हां त्या विशीच्या आंतबाहेर होत्या. स्वयंपाक दीर्घ अनुभवानें येतो, तो तुम्हांस नाहीं, तेव्हां चांगल्या चांगल्या पुस्तकांतून कृति गोळा कराव्या हें बरें, असा सल्ला घरोब्यांतील एका बाईंनीं त्यांना पत्रानें दिला होता. त्यांनीं तो बव्हंशीं पाळला. १८६१ सालीं ‘बुक ऑफ हाउसहोल्ड मॅनेजमेंट’ पुस्तकरूपानें निघालें आणि पहिल्याच वर्षीं त्याच्या साठ हजार प्रती खपल्या. त्यांत ॲक्टनबाईंच्या पुष्कळ कृति, नांव न घेतां, थोड्याफार फरकानें आलेल्या आहेत. बीटनबाईंवर सर्वच दोष ढकलणें न्यायाचें होणार नाहीं. घरसंसाराची अफाट माहिती एका जागीं सुसूत्र लावण्याचें काम त्यांनीं केलें, आणि साहित्याची यादी कृतीच्या शेवटीं होती ती आरंभीं आणली. ही सुधारणा सोयीची होती यांत संशय नाहीं. १८६५ सालीं, अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षीं, त्याहि गेल्या. पण नांव राहिलें तें त्यांचें. इंग्रज गृहिणींच्या तीन पिढ्या बीटनबाईंचें म्हणून जें करीत आल्या, त्यांतलें पुष्कळसें टनब्रिजच्या स्वयंपाकघरांत प्रथम शिजलें व भाजलें होतें.

‘मॉडर्न कुकरी’ पहिल्या महायुद्धाच्या सुमारापर्यंत छापली जात होती; नंतर ती विस्मृतींत गेली. तिला पुन्हां बाहेर काढलें तें पाकशास्त्रावर लिहिणाऱ्या स्त्रियांनींच. १९६८ सालीं एलिझाबेथ रे यांनीं निवडक ॲक्टन संपादित केली व एलिझाबेथ डेव्हिड यांनीं तिला प्रस्तावना लिहिली. पुढें डेलिया स्मिथ यांच्यासारख्या लोकप्रिय लेखिकेनेंहि कृति लिहिण्याच्या कलेंत ॲक्टनबाईंना इंग्रजींत अग्रस्थान दिलें. १८५५ च्या आवृत्तीच्या पुनर्मुद्रित प्रती आतां मिळतात. त्यांत कृतींच्या मथळ्यांशीं ‘लेखिकेची कृति’ हे शब्द जागच्या जागीं आहेत.